रद्दीतून वाचलेली पाने



मागच्या मे महिन्यात ग्रंथालयाची खोली रंगवायला काढली, तेव्हा मागच्या भिंतीची दोन कपाटे रिकामी करावी लागली. त्यांच्या तळाशी काही गठ्ठे निघाले. स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांची हस्तपत्रके, जुन्या पावतीपुस्तकांची स्थळप्रत, मुखपृष्ठ गेलेली क्रमिक पुस्तके, असा सगळा ऐवज होता. आमच्या समितीत लगेच दोन तट पडले. काहींचे म्हणणे, जागा नाही, वाळवी लागेल, पस्तीवाल्याला बोलवा. बाकीच्यांचे म्हणणे, थोडे थांबा. गठ्ठे तूर्त प्रयोगशाळेच्या माळ्यावर आहेत आणि विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत त्यांचा निर्णय व्हायचा आहे.

या वादात आम्ही एका वेगळ्याच देशाची हकीकत वाचत गेलो. इंग्लंडमध्ये छपाई सुरू झाली तेव्हाची पुस्तके आणि पुस्तिका आज कोठून मिळतात, कोणी जपल्या, कशा हरवल्या, हा तो विषय. तो आम्हाला इतका जवळचा वाटला की या अंकात सविस्तर द्यावा असे ठरले.

पहिला छापखाना आणि पहिली पावती

इंग्लंडमधला पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन. हा मूळचा कापडाचा व्यापारी. केंट परगण्यात जन्मलेला, पण आयुष्याची कितीतरी वर्षे त्याने आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात काढली. छपाईची कला तो जर्मनीतल्या कोलोन शहरात शिकला, तेव्हा त्याने वयाची पंचेचाळीशी ओलांडली होती. ट्रॉयच्या युद्धाच्या कथांचे त्याने स्वतः केलेले भाषांतर १४७३-७४ च्या सुमारास छापले गेले. इंग्रजी भाषेतले हे पहिले छापील पुस्तक, पण ते इंग्लंडमध्ये छापलेले नाही. १४७६ मध्ये कॅक्स्टन मायदेशी परतला आणि लंडनजवळ वेस्टमिन्स्टरच्या मठाच्या आवारात त्याने छापखाना घातला.

इंग्लंडमध्ये छापलेला, तारीख असलेला सर्वांत जुना कागद कोणता असेल? धर्मग्रंथ, काव्य किंवा राजाज्ञा, असे उत्तर आपण देऊ. प्रत्यक्षात ती एक पावती आहे. चर्चला दान देणाऱ्याला पापक्षमा मिळाल्याचा दाखला. मजकूर छापील, आणि नाव व तारीख हाताने भरायला जागा कोरी सोडलेली. आपल्या शाळेची फीची पावती असते अगदी तशीच. एका पती-पत्नीच्या नावे भरलेल्या या दाखल्यावर १३ डिसेंबर १४७६ ही तारीख आहे. तारीख छापलेले तिथले पहिले पुस्तक, म्हणजे तत्त्ववेत्त्यांच्या वचनांचा संग्रह, त्यानंतर सुमारे अकरा महिन्यांनी, १८ नोव्हेंबर १४७७ रोजी निघाले. पावतीपुस्तके टाकून द्यावीत असे म्हणणाऱ्या आमच्या सदस्यांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा ते हसले, पण विचारात पडले.

१४९१-९२ च्या सुमारास कॅक्स्टन वारला. तोपर्यंत त्याने शंभराच्या आसपास पुस्तके छापली होती. चॉसर कवीच्या कँटरबरीच्या कथा, बुद्धिबळावरचे एक बोधपर पुस्तक, इसापनीती (१४८४), आर्थर राजाच्या कथा (१४८५) ही त्यांतली काही. युरोपातले बहुतेक मुद्रक तेव्हा विद्वानांसाठी लॅटिन पुस्तके छापत. कॅक्स्टनने बहुतांश पुस्तके लोकांच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत छापली.

अंड्यांची गोष्ट

पण लोकांची भाषा म्हणजे कोणती? १४९० मध्ये छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत कॅक्स्टनने एक किस्सा दिला आहे. काही व्यापारी टेम्स नदीतून जहाजाने निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने तिथल्या बाईकडे अंडी मागितली. त्यासाठी त्याने जो शब्द वापरला, तोच आज आपण इंग्रजीच्या तासाला शिकतो. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! शेवटी दुसऱ्या सोबत्याने तिकडचा जुना शब्द, 'आयरेन', वापरला तेव्हा बाईला अर्थबोध झाला. कॅक्स्टन विचारतो, की आता मी छापताना यांतला कोणता शब्द घालू?

बडोद्यातल्या मराठी घरात वाढलेल्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. आपण सहज 'पस्ती' म्हणतो आणि सुट्टीत पुण्याहून आलेली भावंडे विचारतात, पस्ती म्हणजे काय? छपाई आली की कोणता तरी एक शब्द निवडावा लागतो. मग तोच शब्द हजार प्रतींतून गावोगाव जातो आणि हळूहळू प्रमाण ठरतो. इंग्रजीचे शुद्धलेखन एका दिवसात ठरले नाही. त्या काळच्या पुस्तकांत एकच शब्द एकाच पानावर दोन प्रकारे आढळतो.

एक कागद, आठ पाने

त्या काळचे पुस्तक तयार कसे होई, हे समजून घेण्यासाठी एक प्रयोग करा. वर्तमानपत्राचा एक मोठा कागद घ्या. तो मधोमध दुमडा, मग आडवा पुन्हा मधोमध दुमडा. न कापता त्याच्या पृष्ठांवर १ ते ८ आकडे घाला आणि कागद उलगडा. एका बाजूला १, ४, ५, ८ आणि दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७ हे आकडे दिसतील, त्यांतले निम्मे उलटे. मुद्रकाला मजकूर याच क्रमाने आणि याच उलट्यासुलट्या दिशांनी मांडावा लागे. दोनदा दुमडलेल्या कागदाच्या या आकारात बहुतेक पुस्तिका निघत. एकदाच दुमडला तर मोठा ग्रंथ होई, तीनदा दुमडला तर खिशात मावणारे पुस्तक.

अक्षरांचे खिळे शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचे असत. जुळारी उभ्याने काम करी. समोर तिरप्या लाकडी केसा मांडलेल्या असत. वरच्या केसमध्ये कॅपिटल अक्षरे, खालच्या केसमध्ये लहान लिपीतली. या अक्षरांना इंग्रजीत आजही 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात, ते यावरूनच. प्रत्येक खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखे उलटे. शब्द जुळवायचे, ओळी जुळवायच्या, पृष्ठे बांधून फर्मा तयार करायचा, त्यावर शाई लावायची, ओलसर कागद ठेवायचा आणि लाकडी यंत्राचा दांडा ओढून दाब द्यायचा. शाई काजळी आणि जवसाच्या तेलाची. कागद लिननच्या चिंध्या कुजवून केलेला, आणि लिननचा धागा निघतो जवसाच्याच झाडापासून. म्हणजे कागद आणि शाई या दोन्हींचे मूळ एकच पीक.

चिंध्यांचा हा कागद अतिशय टिकाऊ असतो. पाचशे वर्षांपूर्वीची कितीतरी पाने आजही पांढरी आणि मऊ आहेत. याउलट विसाव्या शतकातला स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. माळ्यावरच्या आमच्या गठ्ठ्यांचे वय शंभरच्या आतले आहे, पण त्यांची प्रकृती कॅक्स्टनच्या पुस्तकांपेक्षा नाजूक आहे.

एका पुस्तिकेची किंमत

मोठा ग्रंथ श्रीमंतांसाठी असे. सामान्य माणूस विकत घेई ती पुस्तिका. एक-दोन कागदांची, दोऱ्याने टाचलेली, पेनी-दोन पेनीला मिळणारी. त्यांत काय नसे! युद्धाच्या बातम्या, पूर आणि भूकंप, खटले, धूमकेतू, पंचांग, प्रवचने, आणि राज्यकारभारावरची टीका. एका बाजूने छापलेल्या कागदावर पोवाड्यासारखी गाणी येत. ती विक्रेते बाजारात गाऊन विकत.

टीका मात्र महागात पडे. १५७९ मध्ये पहिली एलिझाबेथ राणी एका फ्रेंच राजपुत्राशी विवाह करण्याच्या विचारात होती. जॉन स्टब्ज नावाच्या माणसाने या विवाहाला विरोध करणारी पुस्तिका काढली. त्याला आणि पुस्तिका वितरित करणाऱ्याला शिक्षा झाली, उजवा हात तोडण्याची. नोव्हेंबर १५७९ मध्ये वेस्टमिन्स्टरला भर लोकांसमोर ती अमलात आली. हात तुटल्यावर स्टब्जने डाव्या हाताने टोपी काढली, राणीचा जयजयकार केला आणि तो बेशुद्ध पडला. मुद्रकाचा हात मात्र वाचला, त्याला माफी मिळाली.

छपाईवर सरकारचा पहारा होताच. लंडनच्या पुस्तकव्यावसायिकांच्या संघाला १५५७ मध्ये राजसनद मिळाली. १५८६ च्या हुकुमाने लंडनबाहेर फक्त ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे एकेक छापखाना चालवण्याची मुभा राहिली. तरीही १५८८-८९ मध्ये 'मार्टिन मारप्रेलेट' या टोपणनावाने बिशपांची टर उडवणाऱ्या पुस्तिका निघत राहिल्या. त्यांचा छापखाना गाडीत घालून एका घरातून दुसऱ्या घरी हलवला जाई. शेवटी मँचेस्टरजवळ तो पकडला गेला.

त्याच नोव्हेंबरात गोव्यात

ज्या महिन्यात स्टब्जचा हात तुटला, त्याच महिन्यात एक तरुण इंग्रज गोव्यात बसून वडिलांना पत्र लिहीत होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. कॅथलिक धर्मगुरू होण्यासाठी देश सोडून तो ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला होता. पत्रावर १० नोव्हेंबरची तारीख आहे. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून आलेल्या लांबच्या सागरी प्रवासाचे त्यात वर्णन आहे. पुढे रिचर्ड हॅकल्यूट याने इंग्रजांच्या प्रवासवर्णनांचा जो प्रसिद्ध संग्रह लंडनमध्ये छापला, त्यात हे पत्र आले आणि टिकले.

हेच आपले फादर स्टीफन्स. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. त्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. मराठीतला हा आद्य छापील ग्रंथ पाहायला आज कोठे जावे? कोठेच नाही. त्या तीन आवृत्त्यांतली एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. त्यांतली देवनागरीतली एक नक्कल लंडनमध्ये आहे. वडिलांना लिहिलेले खासगी पत्र छापील रूपात उरले आणि मराठीतला मोठा छापील ग्रंथ नाहीसा झाला. हे वाचले तेव्हा आम्ही सगळेच काही वेळ गप्प होतो.

ज्याने सगळे ठेवले

आता एका ठेवणाऱ्याची गोष्ट. १६४० नंतर इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. १६४१ मध्ये जुने कठोर न्यायालय बंद झाल्यावर पहारा सैल झाला आणि पुस्तिकांचा पूर आला. लंडनमधला पुस्तकविक्रेता जॉर्ज थॉमसन याने ठरवले की जे जे निघेल ते ठेवायचे. राजाच्या बाजूचे, विरोधातले, शहाणपणाचे आणि मूर्खपणाचेही. १६४० ते १६६१ या काळात त्याने २२ हजारांहून अधिक पुस्तिका, वृत्तपत्रे आणि पत्रके जमवली.

त्याने आणखी एक साधी गोष्ट केली. बहुतेक प्रत्येक पुस्तिकेवर ती हाती आली त्या दिवसाची तारीख लिहिली. त्यामुळे त्या धामधुमीत लोक कोणत्या दिवशी काय वाचत होते, हे आज इतिहासकारांना सांगता येते. छपाईच्या परवानापद्धतीविरुद्ध मिल्टन कवीने १६४४ मध्ये 'अॅरिओपॅजिटिका' ही विख्यात पुस्तिका काढली, तीही परवाना न घेता. तिची मिल्टनने भेट दिलेली प्रत थॉमसनकडे होती आणि तिच्यावर २४ नोव्हेंबर अशी नोंद आहे. एकदा खुद्द चार्ल्स राजाने त्याच्याकडून एक पुस्तिका मागवून घेतली आणि ती प्रवासात चिखलात पडली. थॉमसनने डागासकट ती परत ठेवली आणि डाग कसा पडला तेही लिहून ठेवले.

सैन्य जवळ आले की तो हा संग्रह शहराबाहेर हलवी. तो १६६६ मध्ये वारला. पुढे जवळजवळ शतकभर संग्रहाला गिऱ्हाईक मिळाले नाही. अखेर १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाने तो ३०० पौंडांना घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिला. आता तो ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ज्यांनी टाकून दिले

थॉमसनसारखे लोक विरळा. मोठी ग्रंथालयेही चुकली आहेत. ऑक्सफर्डचे बॉडलियन ग्रंथालय १६०२ मध्ये उघडले. त्याचे संस्थापक थॉमस बॉडली यांनी नाटके आणि पंचांगे असला किरकोळ माल ग्रंथालयात घेऊ नये, असे आपल्या ग्रंथपालाला बजावले होते. त्याच काळात लंडनमध्ये शेक्सपिअरची नाटके स्वस्त पुस्तिकांच्या रूपाने विकली जात होती. 'टायटस अँड्रॉनिकस' या नाटकाच्या १५९४ च्या आवृत्तीची एकच प्रत आज ज्ञात आहे. ती १९०४ मध्ये थेट स्वीडनमध्ये सापडली.

१६२३ मध्ये शेक्सपिअरच्या ३६ नाटकांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यातली निम्मी नाटके त्याआधी कधीच छापली गेली नव्हती. बॉडलियनला त्याची प्रत मिळाली होती. १६६० च्या दशकात नवी आवृत्ती आल्यावर जुनी अनावश्यक ठरली आणि ग्रंथालयाबाहेर गेली. १९०५ मध्ये एक विद्यार्थी घरातले जुने पुस्तक दुरुस्तीबाबत विचारायला तिथे घेऊन आला आणि बांधणीवरून ओळख पटली की ही तीच प्रत! अमेरिकेतल्या एका संग्राहकाने तिच्यासाठी ३,००० पौंड देऊ केले होते. तेवढी रक्कम वर्गणीने उभी करून १९०६ मध्ये ग्रंथालयाने स्वतःचेच पुस्तक परत विकत घेतले. विश्वस्तांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

सर्वांत जास्त नष्ट झाली ती मुलांची पुस्तके. तेव्हाची मुले अक्षरे शिकत ती हातात धरायच्या लाकडी फळीवर. तिच्यावर मुळाक्षरांचा कागद चिकटवून वर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे. आपली धूळपाटी तशी त्यांची ही शिंगपाटी. नंतर हाती येई मुळाक्षरांची छोटी पुस्तिका. १५८२ मध्ये रॉजर वॉर्ड नावाच्या मुद्रकावर चोरून छापल्याचा खटला झाला. त्याने या पुस्तिकेच्या १० हजार प्रती छापल्या होत्या. त्या काळी एखाद्या पुस्तकाच्या हजार-पंधराशे प्रती म्हणजे पुष्कळ. पण मुलांनी ही पुस्तके हाताळली, भिजवली, फाडली, धाकट्या भावंडाला दिली. म्हणून जे पुस्तक घरोघरी होते तेच आज सर्वांत दुर्मिळ आहे.

आज काय दिसते

१९२६ मध्ये पोलार्ड आणि रेडग्रेव्ह यांनी १४७५ ते १६४० या काळातल्या इंग्रजी पुस्तकांची मोठी सूची प्रसिद्ध केली. पुढे १९३० च्या दशकात या पुस्तकांच्या मायक्रोफिल्म निघू लागल्या, नंतर त्या संगणकावर आल्या. १७०० पर्यंतच्या सुमारे ६० हजार पुस्तकांचा मजकूर अक्षर न् अक्षर टंकित करून तो टप्प्याटप्प्याने, २०१५ आणि २०२० मध्ये, सर्वांसाठी खुला करण्यात आला. आमच्या संगणककक्षात बसून नववीच्या मुलांनी त्यातली पाने पाहिली. लांब शेपटीचा 's' त्यांना 'f' वाटला आणि 'v' च्या जागी 'u' पाहून हसू आले, पण दहा मिनिटांत ती वाचू लागली.

माळ्यावरचे गठ्ठे

आता आमच्या गठ्ठ्यांकडे येऊ. सगळेच ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. जागेची अडचण खरी आहे आणि वाळवीही खरी आहे. पण बडोद्यातल्या मराठी माणसाने इथे काय छापले, कोणती व्याख्याने ऐकली, मुलांना कोणती पुस्तके दिली, याची साक्ष या कागदांखेरीज फार थोड्या ठिकाणी सापडेल. मोठी ग्रंथालये ग्रंथ ठेवतील. स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका ठेवणारी संस्था एकच, ती म्हणजे आपली शाळा.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवत आहोत. प्रत्येक छापील कागदाची किमान एक प्रत राखावी. दुसरी प्रत टाकण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून पान-पान ताडून पाहावे, कारण एकावर कोणी तारीख, नाव किंवा दुरुस्ती लिहिलेली असू शकते. आणि ठेवलेल्या प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून यादी करावी. हे काम शनिवारी दोन तास, आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेऊन करायला समिती तयार आहे. विश्वस्तांनी फक्त एक लोखंडी कपाट आणि निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत द्यावी.

विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ सोपा आहे. घरातला, दांडिया बाजारातल्या आजोबांच्या ट्रंकेतला किंवा आत्याच्या कपाटातला, एक जुना छापील मराठी कागद शोधा. लग्नपत्रिका, नाटकाचे हस्तपत्रक, काहीही चालेल. मोठ्यांना विचारून त्याच्या मागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, तो कधीचा आणि कोणाकडून मिळाला ते लिहा. शाईचे पेन वापरू नका, चिकटपट्टी लावू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते सगळे कागद आपण ग्रंथालयात मांडू, आणि पाहून झाल्यावर ज्याचा त्याला परत करू.

— ग्रंथालय समिती